०.०८ वरून दहा मिनिटांत ०.०२: गेटवरच्या मशीनचं ऐकायचं किती?

पत्र: आमची उद्यमबागेत छोटी फौंड्री आहे, साठेक कामगार. गेल्या सोमवारी सातच्या पाळीला एका हेल्परच्या तोंडाला वास आला, म्हणून सुपरवायझरनं ऑनलाइन मागवलेल्या दारू तपासायच्या मशीनमध्ये त्याला फुंकायला लावलं. ०.०८ आलं. तो म्हणाला, पाठदुखीसाठी अश्वगंधारिष्ट घेऊन आलोय. दहा मिनिटांनी परत फुंकला तर ०.०२. त्याला घरी पाठवलं. आता कामगार म्हणतात मशीन खोटं आहे आणि भागीदार म्हणतात त्याला काढून टाका. गांजाचंही कानावर येतं, तर लघवीची किटं ठेवावीत का? माझी बायको गावच्या हायस्कूलच्या एसडीएमसीत (शाळा विकास व देखरेख समितीत) आहे. तिथंही नववी-दहावीच्या मुलांची तपासणी करायचं ठरतंय, पन्नास किटं मागवूनही झालीत. काय करावं?
(एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर:

नमस्कार. त्या हेल्परला काढू नका. तो खरंच बोलतोय याची खात्री आहे म्हणून नव्हे, तर तुमच्या हातात पुरावाच नाही म्हणून. जो होता तो त्याला घरी पाठवून तुम्ही घालवलात.

ते दोन आकडे नीट बघा. ०.०८ म्हणजे १०० मिलि रक्तात ८० मिलिग्रॅम, ०.०२ म्हणजे २० मिलिग्रॅम. माणसाचं यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅमनं हा आकडा खाली आणतं, कुणाचं १० नं, कुणाचं २० नं. दहा मिनिटांत उतरतात दोन-तीन मिलिग्रॅम, ६० कधीच नाही. म्हणजे पहिला आकडा रक्तातला नव्हता, तोंडातला होता. अरिष्ट, कफ सिरप, माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब किंवा दारूचा घोट, काहीही तोंडात ताजं असेल तर फुप्फुसातून येणाऱ्या हवेत ती वाफ मिसळते आणि मशीन फसतं. पंधरा मिनिटांत ही वाफ निघून जाते. तुम्ही दहाच मिनिटं थांबलात, त्यामुळे दुसऱ्या आकड्याचाही भरवसा नाही.

आता अरिष्टाचा हिशेब. आसव-अरिष्टं आंबवून होतात, त्यामुळे त्यांत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं आणि बाटलीवरच्या लेबलावर तसं छापलेलंही असतं. ते १० टक्के धरा. वीस मिलि घेतलं तर पोटात गेलं दीड ग्रॅमच्या आसपास. साठ किलोच्या माणसाच्या रक्तात त्यानं चार-पाच मिलिग्रॅमपेक्षा जास्त येत नाही. पंधरा मिनिटं थांबून घेतलेलं रीडिंग ०.०२ असतं तर त्याचं कारण दोन चमचे अरिष्ट ठरू शकलं नसतं. रात्रीची दारू असू शकली असती.

तिसरी शक्यता तुमच्या सुपरवायझरच्या डोक्यात आली नसावी. समजा त्यानं गेटबाहेर नाइन्टी (९० मिलि दारू) मारली आणि लगेच आत आला. तेव्हाही पहिला आकडा तोंडातल्या दारूचा, मोठा आला असता आणि मग घसरला असता. पण अर्ध्या तासानं पोटातली दारू रक्तात उतरून आकडा पुन्हा वर चढला असता. ४२.८ टक्क्यांची नाइन्टी म्हणजे ३० ग्रॅम अल्कोहोल. साठ किलोच्या गड्याला ती ७० च्या पुढे नेते. आणखी वीस-तीस मिनिटं त्याला केबिनमध्ये बसवून तिसऱ्यांदा फुंकायला लावलं असतं, तर अरिष्ट की नाइन्टी हे मशीननंच सांगितलं असतं. तेव्हा त्याची त्या दिवसाची हजेरी भरा, मामला तिथंच मिटवा आणि पद्धत बदला.

आधी मशीन. स्वस्तातल्या मशीनमध्ये सेमीकंडक्टर सेन्सर असतो. तो अल्कोहोलबरोबर सिगारेटचा धूर, उपाशी किंवा मधुमेही माणसाच्या श्वासातलं ॲसिटोन, हवेतला दमटपणा अशा कशालाही दाद देतो. कामाच्या ठिकाणी फ्युएल सेल सेन्सरचंच मशीन हवं, कॅलिब्रेशनच्या (आकडा बरोबर येतो हे तपासून जुळवल्याच्या) प्रमाणपत्रासह. कॅलिब्रेशन दर सहा महिन्यांनी करून घ्या, मशीन पडलं-आपटलं तर लगेच. ते एका फौंड्रीला महाग वाटत असेल तर शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून घ्यावं. मात्र नोंदवही प्रत्येकाची वेगळी.

फ्युएल सेलही सर्वज्ञ नाही. मोल्डवर (साच्यावर) आणि कोअरवर (साच्यात बसवायच्या गाभ्यावर) मारायच्या स्पिरिटच्या कोटिंगमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, आणि ते या सेन्सरला इथेनॉलसारखंच वाटतं. कोअर शॉपमध्ये, कोटिंगचा डबा उघडा असताना, ओल्या हातमोज्यांनी मशीन धरून कुणालाही फुंकवलं तर आकडा येणारच. सॅनिटायझर लावलेल्या हातांचंही तेच. चाचणी गेटवरच्या केबिनमध्ये घ्या, मोकळ्या हवेत, कोअर शॉप आणि भट्टीपासून लांब. पाळीच्या मध्येच कुणाला तपासायची वेळ आली तर आधी साबणानं हात धुऊन पंधरा मिनिटं बाहेर उभं राहू द्या. फळाचं म्हणाल तर केरळमध्ये २०२५ साली पंदळमच्या बसडेपोत पिकलेला फणस खाल्लेल्या चालकांचं रीडिंग आलं होतं. आपल्याकडे खानापूर-जांबोटीचा फणस सुरू झाला की डब्यात गरे येतात, म्हणून हे लक्षात असू द्या. यावरही इलाज तोच, तोंड धुऊन पंधरा मिनिटं थांबणं.

प्रत्यक्ष चाचणीत क्रम महत्त्वाचा. रोज सकाळी पहिल्यांदा मालकानं किंवा सुपरवायझरनं सगळ्यांसमोर स्वतः फुंकावं. मशीन शून्य दाखवतंय हे त्यातून कळतं, आणि नियम सगळ्यांना सारखा आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. मग ज्याची चाचणी आहे त्याला विचारा: गेल्या तासाभरात काय खाल्लं, कोणतं औषध घेतलं? तो सांगेल ते जसंच्या तसं लिहा. गुटखा-तंबाखू असेल तर थुंकायला लावा, साध्या पाण्यानं चूळ भरू द्या. तोंडात काही न घालता, नजरेसमोर पंधरा मिनिटं बसवा. मध्ये उलटी किंवा मोठा ढेकर आला तर पंधरा मिनिटं पुन्हा मोजा, कारण पोटातली वाफ तोंडात येते. नवी नळी त्याच्यासमोर पाकिटातून काढा. एका दमात, न थांबता, मशीन आवाज देईपर्यंत चार-पाच सेकंद फुंकायचं. गालातली हवा दिली तर आकडा कमी येतो, म्हणून अर्धवट फुंक मोजू नका. आकडा आला तर आणखी पंधरा मिनिटांनी, पण अर्ध्या तासाच्या आत, दुसरी चाचणी नव्या नळीनं घ्या. दोन्हींतला कमी आकडा धरा.

कागदावर तारीख, दोन्ही वेळा, दोन्ही आकडे, मशीनचा नंबर, शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख, त्याचं म्हणणं त्याच्याच भाषेत, सुपरवायझरची सही आणि कामगारांपैकी एकाची साक्ष हवी. एक प्रत त्याला द्या. भांडण कोर्टात गेलं तर हाच कागद बोलतो. नुसत्या वासाला फार किंमत नसते. १९७१ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं एका अपघाताच्या खटल्यात म्हटलं होतं की तोंडाचा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता हे सिद्ध होत नाही. वास हे चाचणी घेण्याचं कारण आहे, शिक्षेचं नव्हे.

त्यानं आकडा नाकारला तर रक्तचाचणीचा हक्क द्या. लेखी संमती घ्या आणि तासाभरात सहकाऱ्यासोबत गाडीनं दवाखान्यात पाठवा. तिथं डॉक्टरांना सांगा की सुई टोचण्याआधी जागा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसू नका आणि रक्त सोडियम फ्लोराइडच्या बाटलीत घ्या, नाहीतर नमुन्यातच आंबण्याची क्रिया होते. आणखी एक बारीक गोष्ट: दवाखान्याच्या लॅबमध्ये बऱ्याचदा पूर्ण रक्ताऐवजी सीरम (रक्तपेशी काढून उरलेला द्रव) तपासतात, आणि सीरममधला आकडा १५-२० टक्के जास्त असतो. काय तपासलं ते रिपोर्टवर लिहून घ्या. फुंकायलाच नकार दिला तर जबरदस्ती करू नका. 'नकार' असं लिहा आणि त्या दिवशी त्याला काम देऊ नका.

मर्यादा किती ठेवायची? मोटार वाहन कायद्यात ती १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण ती रस्त्याची. लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं), क्रेन आणि ग्राइंडरजवळ आम्ही शून्यच म्हणू, मशीनची चूक धरून ०.०१ पर्यंत सोडून देऊ. ०.०१ ते ०.०३ आलं तर त्या दिवशी वितळलेल्या धातूजवळ आणि फिरत्या मशीनवर काम नाही, झाडलोट किंवा मोजणीचं काम द्या. ०.०३ च्या वर आलं तर काम बंद, आणि त्याच्या बाईकची चावी तुमच्याकडे. तो मच्छे, पिरनवाडी, येळ्ळूर कुठूनही येत असो, त्या अवस्थेत त्याला खानापूर रोडला सोडणं म्हणजे आपल्या आवारातला अपघात रस्त्यावर ढकलणं. घरच्यांना फोन करून बोलवा.

कामगारांना आधी सांगायची गोष्ट दंडाची नाही, हिशेबाची आहे. एक क्वार्टर म्हणजे १८० मिलि, त्यात ६० ग्रॅम अल्कोहोल. साठ किलोच्या गड्याचा आकडा त्यानं १५० पर्यंत जातो आणि उतरायला दहा तास लागतात. रात्री अकराला बसून क्वार्टर मारली तर सकाळी सातला तो अजून ३० च्या आसपास असतो. स्वतःला मात्र तो शुद्धीत समजतो, झोप झालेली असते, अंघोळ झालेली असते. कडक चहा, लिंबूपाणी, ताक यांनी दहाचे नऊ तास होत नाहीत. वेलदोडा चघळून वास जातो, आकडा नाही. हा हिशेब मराठी आणि कन्नड दोन्हींत, बिहार-ओडिशाचे कामगार असतील तर हिंदीतही, गेटवर मोठ्या अक्षरात लावा. चाचणी सुरू करण्याच्या महिनाभर आधी. आमचा अंदाज विचाराल तर निम्मं काम तो कागदच करील.

निवड कुणाची करायची, यावरून खरं भांडण होतं. सुपरवायझरला जो आवडत नाही तोच रोज फुंकतो, अशी तक्रार पहिल्या आठवड्यात येते. भट्टी, क्रेन आणि फोर्कलिफ्टवाल्यांची रोज घ्या, बाकीच्यांतून डब्यातल्या चिठ्ठ्या काढा, आणि त्या कामगारानंच काढाव्यात. कंत्राटदाराची माणसंही त्याच डब्यात.

मशीन जे पकडत नाही त्याबद्दल आता. रोज सकाळी प्यायची सवय असलेला माणूस चाचणीच्या भीतीनं अचानक बंद करतो, गेटवर ०.०० देतो आणि लॅडलच्या दांड्याला हात लावला की हात थरथरतात. घाम, मळमळ, थरथर पहिल्या दिवशीच सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास आणि ताप सुरू झाले तर जिवावर बेततं. शून्य आकड्याचा असा माणूस थोडी घेतलेल्या माणसाइतकाच, कधी जास्तही, धोक्याचा असतो. म्हणून आकडा बघताना हात पुढे करायला सांगून बोटंही बघा. आणि ज्याची रोजची सवय सगळ्या फौंड्रीला माहीत आहे त्याला "उद्यापासून शून्य, नाहीतर घरी बस" असं सांगून चार दिवस घरी पाठवू नका. फिट घरीच येईल. आधी डॉक्टरकडे पाठवा. जिल्हा रुग्णालय किंवा धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था इथं औषध देऊन हळूहळू सोडवतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

शिक्षेची चढण हळू असावी: पहिल्यांदा लेखी समज, दुसऱ्यांदा डॉक्टर, त्यानंतर आरोपपत्र आणि रीतसर चौकशी. दारू पिऊन कामावर येणं नमुना स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांत) गैरवर्तन म्हणून आहेच, पण चौकशीशिवाय काढलेला माणूस लेबर कोर्टातून परत येतो. भागीदारांना आणखी एक सांगा. अपघात-भरपाईच्या कायद्यात तरतूद आहे की नशेमुळे झालेल्या इजेची भरपाई मालकाला द्यावी लागत नाही, पण मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर हा बचाव चालत नाही. "प्यायला होता, आपण सुटलो" हा हिशेब नेमका सगळ्यात मोठ्या अपघातात कोसळतो.

लघवीच्या किटांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: फौंड्रीत ठेवू नका. श्वासाची चाचणी आत्ताची अवस्था सांगते. लघवीतला गांजा मागच्या दिवसांचा असतो. एकदा ओढला तर तीनेक दिवस, रोज ओढणाऱ्यात महिनाभरही. रविवारी ओढलेला माणूस बुधवारी पूर्ण शुद्धीत असून पॉझिटिव्ह येतो, आणि आत्ताच ओढून आलेला नवखा निगेटिव्ह येऊ शकतो, कारण ते द्रव्य लघवीत उतरायला काही तास लागतात.

किट वाचण्यातही घोळ आहे. गर्भाची किट आपल्या घरात ओळखीची असते, तिथं दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह. इथं नेमकं उलटं: 'टी'ची (टेस्टची) रेघ उमटली, कितीही फिकट असो, तर निगेटिव्ह. रेघ उमटलीच नाही तर पॉझिटिव्ह. 'सी'ची (कंट्रोलची, किट चालते हे दाखवणारी) रेघ नसेल तर किट बाद. शिवाय पाच मिनिटांनी वाचायची किट कुणी अर्ध्या तासानं वाचतो. अफूच्या पट्टीचं आणखी वेगळं. जुन्या ३०० नॅनोग्रॅमच्या पट्टीवर खसखशीनंही रेघ जाते. अमेरिकेत याच कारणानं १९९८ मध्ये मर्यादा ३०० वरून २००० वर नेली. आपल्या सीमाभागात सणाला गसगसे पायस (खसखशीची खीर) वाटी-वाटी पितात, अनारशांना खसखस असते. कोडीनचं कफ सिरप तर अफूचंच पोर. ॲसिडिटीची पँटोप्राझोल गांजाच्या पट्टीला फसवू शकते, सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन ॲम्फेटामिनच्या पट्टीला. म्हणून पट्टीचा निकाल हा फक्त संशय. खरा निकाल लॅबमधल्या जीसी-एमएस या द्रव्य नेमकं ओळखणाऱ्या चाचणीचा, आणि तोही औषधांची चिठ्ठी बघून डॉक्टरांनी वाचलेला. तेवढी सोय नसेल तर पट्टी उघडू नका. संशय असलेल्या माणसाला त्या दिवशी भट्टीपासून दूर ठेवायला पट्टी लागत नाही, डोळे लागतात. आणि पोलिसांची भीती घालू नका. एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याच्या ६४अ कलमात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट मिळण्याची वाट आहे. ती त्याला सांगा.

आता शाळा. वहिनींना सांगा, ठराव थांबवा. समजा शंभर मुलांत दोघं गांजा ओढतात आणि किट शंभरात पाच वेळा चुकते. दोघं सापडतील, त्यांच्याबरोबर पाच निर्दोष मुलं, आणि संध्याकाळपर्यंत सातही नावं गावात. मुलाला लघवीचा नमुना द्यायला लावताना कुणीतरी बघत उभं राहायचं, की बंद दाराआड पाणी मिसळू द्यायचं? पहिलं करणारा शिक्षक पोक्सोच्या तक्रारीला दार उघडतो, दुसऱ्यात चाचणीला अर्थ उरत नाही. आणि या वयाची बरीच मुलं ज्याच्या नादी लागतात ते पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर आणि निपाणीच्या बाजूची ओळखीची तंबाखू यांपैकी काहीही त्या पट्टीवर दिसत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये शाळांतल्या अशा सरसकट चाचण्यांना विरोधच केला.

एसडीएमसीला करण्यासारखं दुसरं आहे. शाळेच्या कुंपणापासून टेप धरा: २००३ च्या कायद्यात १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटरच्या आत तंबाखू-गुटखा विकणं बंद होतं, कर्नाटकात २०२५ पासून ते अंतर १०० मीटर आहे. जो दुकानदार मुलाला दारू, तंबाखू किंवा गांजा देतो त्याला बालन्याय कायद्याच्या ७७ कलमात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तक्रार त्याची करा, मुलाची नाही. शिक्षकांनी बघायचं ते असं: मधल्या सुट्टीनंतर वारंवार गायब होणारा, बाहीला किंवा रुमालाला पेट्रोल-थिनरसारखा वास, तोंडाभोवती पुरळ, एकाएकी घसरलेले गुण. असं मूल दिसलं तर वर्गात नाव न घेता पालकांना एकट्यांना बोलवा. १०९८ वर बालकांसाठी मदत मिळते, व्यसनासाठी १४४४६ आहे.

आणि ती पन्नास किटं: पाकिटं फोडलेली नसतील तर विक्रेत्याकडे परत करा. परत घेत नसेल तर शाळेच्या कपाटात ठेवू नका, एखाद्या शिपायाला किंवा पालकाला ती वापरून बघायचा मोह होतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारून तिथं देऊन टाका आणि दिल्याची पोच इतिवृत्तात चिकटवा.